कंबरवाल्या ताईंचं दुखणं

बातमी आली तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये उभी होते. बस अर्धी रिकामी होती, पण बसलं की माझी कंबर धरते, म्हणून चाकणपर्यंत मी दांडीला धरून उभीच जाते. आमच्या योगवर्गाच्या ग्रुपवर एकच ओळ आली, मंगलताई गेल्या... शेजारची अनिता रडायला लागली. मला रडू आलं नाही. खरं सांगते, मला भीती वाटली. कित्येक महिन्यांपासून जिथे दुखत होतं तिथे हात आपोआप गेला आणि मनात आलं, त्यांचंही असंच सुरू झालं होतं.

मंगलताई तळवड्यातल्या जुन्या घरातल्या. माझ्यासारख्याच त्याही आधी लाइनवर होत्या. गाडीच्या वायरींचे जुडगे बांधायचे, आठ तास उभं राहून. त्यातच त्यांची कंबर गेली आणि नोकरीही. महिनोन् महिने झोपून काढल्यावर त्या एका बाईंकडे योग शिकायला गेल्या, हळूहळू ताठ झाल्या आणि मग आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांनी बायकांसाठी वर्ग काढला. पहिली शिफ्ट सुटली की चहा घशाखाली ढकलून आम्ही चटया घेऊन हजर. सगळ्या त्यांना कंबरवाल्या ताई म्हणायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. नुसत्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एका पायावर भार टाकून उभी राहतीस व्हय? बगळा हायस का तू?"

त्यांचं शिकवणं साधं होतं. मार्जारासन, भुजंगासन, सेतुबंध, आणि शेवटी मकरासनात पालथं पडून श्वास. घाई केलेली त्यांना खपायची नाही. जिच्या पायात मुंग्या येत असतील तिला त्या पुढे वाकूच द्यायच्या नाहीत. पण खरा धडा लाइनवरचा होता. लाइन बंद पडून लाल दिवा लागला की बाकीचे खोक्यांवर बसायचे. वर्गातल्या आम्ही सातजणी मात्र कंबरेवर हात ठेवून मागे झुकायचो. खोकं उचलायचं तर गुडघ्यात बसून. सुपरवायझर आधी हसले. पुढे एकदा त्यांचीच पाठ धरली तेव्हा गुपचूप विचारून गेले, ताई कुठे शिकवतात म्हणून.

त्यांच्याकडून शिकलेलं मात्र आम्ही एका भलत्याच कामासाठी वापरलं. दरवर्षी कंपनीत तपासणी असते. डॉक्टर वाकायला लावतात आणि फॉर्मवर विचारतात, पाठीचा त्रास आहे का? आम्ही कंत्राटावरच्या. हो म्हटलं की पुढच्या वेळी कंत्राटात नाव नाही. म्हणून तपासणीच्या आधी महिनाभर आम्ही ताईंकडे जास्त नेमानं यायचो, पायाच्या अंगठ्याला हात लागेपर्यंत. कंबरेचा पट्टा घरी ठेवून जायचं आणि फॉर्मवर 'नाही' लिहायचं. ताईंना सगळं माहीत होतं. एकदा म्हणाल्या, "त्यांच्याशी खोटं बोलता, बोला. पोटाचा प्रश्न हाय. माझ्याशी नगं बोलू. आडवं पडल्यावरबी जिचं दुखणं थांबत न्हाई, तिनं आसन न्हाई करायचं, दवाखाना गाठायचा."

आणि त्याच आमच्याशी खोटं बोलल्या.

एका दुपारी मी वर्गाला लवकर पोचले. ताई एका स्कूटरची सीट दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. घामानं ब्लाउज भिजला होता. चटई घालायला वाकल्या होत्या आणि तशाच अडकल्या होत्या. मी धरून त्यांना खुर्चीत बसवलं. विचारलं तर म्हणाल्या, महिना झाला, रात्री आडवं पडलं तरी दुखायचं थांबत नाही. मी म्हटलं, ताई, तुम्हीच सांगता ना... त्यांनी माझं मनगट पकडलं. "सविता, कुणाला सांगू नगंस. कंबरवाल्या बाईचीच कंबर गेली म्हटल्यावर वर्गाला कोण यील?"

मी नाही सांगितलं. त्यांचा मान राखला, असं लिहिता आलं असतं. पण तसं नव्हतं. वर्ग बंद पडला तर माझं काय होईल, हा विचार मी केला. त्या वर्गाच्या जोरावर मी लाइनवर उभी होते. दुसऱ्या दिवसापासून ताई खुर्चीत बसून सूचना द्यायच्या आणि आसनं मी करून दाखवायचे. बायकांना सांगितलं, ही नवी पद्धत आहे. चार महिने आम्ही दोघींनी ते नाटक केलं. शेवटी त्यांचे यजमान त्यांना उचलून दवाखान्यात घेऊन गेले तेव्हा कळलं, कॅन्सर होता; गाठ दुसरीकडची होती, पण मणक्यापर्यंत पोचली होती. डॉक्टर म्हणाले, व्यायामानं काही बिघडलं नाही, पण वेळ फार गेला. त्या वेळेतले चार महिने माझ्या ओळखीचे आहेत.

त्या गेल्यावर बायका म्हणाल्या, सविता, आता तूच घे वर्ग. मी हो म्हटलं आणि तेव्हापासून मला रोज भीती वाटते. समोर पंधराजणी पालथ्या पडलेल्या असतात. कुणाची नुसती उभं राहून आखडलेली पाठ, आणि कुणाचं काय, मला कसं कळणार? गेल्या आठवड्यात आमच्याच लाइनवरची शबाना आली. तिच्या नवऱ्याचं देहू रस्त्यावर गॅरेज आहे. मला ती बाजी म्हणते, म्हणजे ताई. म्हणाली, "बाजी, झोपलं तरी दुखतंय, कोणतं आसन करू?" मी म्हटलं, कोणतंच नाही. ती म्हणाली, खाडा झाला तर पगार कापतील. मी म्हटलं, माझाही कापू देत, चल.

सरकारी दवाखान्यात तिची तपासणी झाली. मणक्याची चकती सरकली होती. औषध, आराम आणि नंतर व्यायाम, एवढ्यावर भागलं. शबाना हसली. मी भिंतीला टेकून उभी होते. नर्सबाईंनी विचारलं, "तुम्ही बसत का नाही? मघापासून बघतेय." मी म्हणणार होते, काही नाही, सवय आहे. जिभेवर आलंच होतं... पण म्हटलं, "बसवत नाही. आठ महिने झाले. पडल्यावरसुद्धा थांबत नाही." ते बोलताना माझा आवाज माझाच वाटला नाही. त्यांनी शबानाच्या पाठोपाठ मला आत नेलं.

रिपोर्ट सोमवारी मिळणार आहे. त्यात काय असेल ते मला माहीत नाही आणि मी घाबरले आहे. पण त्याआधी शनिवारी वर्ग आहे. पार्किंगमध्ये मी ताईंच्या जागी उभी राहीन आणि आसनं सुरू करायच्या आधी सगळ्यांना सांगेन की माझी कंबर दुखतेय.