साडूच्या टाकीतली जोडी

भिंगकाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कुणाला गरजही पडली नव्हती. चष्म्याच्या दुकानामागच्या अरुंद खोलीत ते एकवीस वर्षं काचा घासत होते. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. काचेवरचा कुणालाच न दिसणारा ओरखडा त्यांना दिसायचाच, आणि नाही दिसला तर दिसेपर्यंत ते उठत नसत. या गुणामुळे दुकानात त्यांना मान होता. घरात मात्र याच गुणामुळे कुणी त्यांच्यासमोर भाजी चिरायला बसत नसे.

घरी आले की चहाच्या आधी ते टाकीसमोर जात. टाकीत एंजल मासे होते. चपटे, लांब परांचे, तोऱ्यात फिरणारे. हे सिक्लिड कुळातले मासे पानावर अंडी घालतात, आईबाप दोघं मिळून राखण करतात, परांनी वारा घालतात आणि पिल्लं पोहू लागली की त्यांना सोबत घेऊन फिरतात. निदान पुस्तकात तरी तसं लिहिलं होतं. काकांच्या टाकीत दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी आईबाप आपलीच अंडी फस्त करून मोकळे होत आणि वर काही घडलंच नाही अशा थाटात फिरत.

त्यावरचा उपाय काकांना येत होता. अंड्यांचं पान कापून बरणीत ठेवायचं, हवेचे बुडबुडे सोडायचे, निळ्या औषधाचे चार थेंब घालायचे. अशी बरणीतली पिल्लं त्यांनी ढिगानं वाढवली आणि ओळखीपाळखीत वाटली. पण त्यांना बघायचं होतं ते वेगळंच. आईबाप पुढे आणि मागे पिल्लांचा थवा, आणि तोही आपल्या टाकीत. एकदा तरी.

आणि हे घडलं कुठे, तर साडूकडे!

साडू लिफ्ट दुरुस्त करायचा. माशांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. बरणीतल्या पिल्लांपैकी वाकड्या पराची दोन मोठी झाल्यावर काकांनी त्याच्या गळ्यात मारली होती. त्यानं ती दाराजवळच्या अंधाऱ्या बोळात एका जुन्या टाकीत सोडली, समोर कपडे वाळत घालायचा स्टँड उभा केला आणि विसरून गेला. एका रविवारी ओला टॉवेल काढायला गेला तर आत पिल्लंच पिल्लं.

"साडूभाऊ, या की बघायला! तुमचीच कृपा!" तो फोनवर म्हणाला. तो मनापासून म्हणाला होता, हेच काकांना जास्त झोंबलं.

ते गेले, बघितलं, "छान" म्हणाले आणि चहा अर्धा टाकून परत आले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. ज्याला पाणी बदलायची आठवण राहत नाही, त्याला हे सुख? तेही आपण नाकारलेल्या माशांकडून?

"अहो, एवढं काय त्यात? त्याची पिल्लं जगली, तुमचं काय गेलं?" बायको म्हणाली.

"नशीब म्हणतात ते हेच. जोडी चांगली लागली त्याला," काका म्हणाले. त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं, खोट जोडीत आहे.

ती पिल्लं मोठी होऊन वाटली गेल्यावर काकांनी साडूपुढे अदलाबदलीची गोष्ट काढली. साडूनं "घेऊन जा की, त्यात काय!" म्हणत आपली जोडी पिशवीत भरून दिली आणि काकांची त्याच जुन्या टाकीत सोडली. हा माणूस घासाघीससुद्धा करत नाही, याचाही काकांना राग आला.

महिन्याभरात वाकड्या पराच्या जोडीनं काकांच्या टाकीत अंडी घातली. या वेळी काकांनी काही म्हणजे काही कमी ठेवलं नाही. कामावर जाण्याआधी भिंग लावून पाहणी. आल्यावर टॉर्च मारून पाहणी. जेवताना ताट घेऊन टाकीसमोर. एखादं अंडं पांढरं पडलेलं दिसलं की बाही वर करून, दुकानातला चिमटा पाण्यात घालून, ते अलगद उचलून बाहेर. मादी चिमट्यावर धावून आली तेव्हा काकांना कौतुकच वाटलं.

तिसऱ्या दिवशी पान कोरं होतं.

आता खरं सांगायचं तर काकांना आधी आनंद झाला. हीसुद्धा खातात! म्हणजे साडूचं ते एकदाचंच होतं, लागला नुसता मटका. ही बातमी फोनवर सांगण्यात मजा नव्हती. चप्पल घालून ते थेट साडूच्या घरी गेले.

साडूनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "तुम्हाला सांगणारच होतो. कालच पोहायला लागलीत."

बोळात, वाळत घातलेल्या चादरीच्या फटीतून, काकांची स्वतःची जोडी दिसत होती. तीच, दोन वर्षं अंडी गिळणारी. तिच्याभोवती पिल्लांचा थवा होता.

"काय केलंस तू?" काकांचा आवाज चिरकला.

"मी? काही नाही. मी कामावर होतो."

काकांनी चादर बाजूला सारली, खिशातून भिंग काढलं आणि काचेला नाक लावलं. मादी दचकली. तिनं एक पिल्लू तोंडात घेतलं, मग दुसरं, मग भराभर. लपवते आहे की गिळते आहे, ते काकांना भिंगातूनही कळेना.

"साडूभाऊ," साडू हळूच म्हणाला, "जरा मागे व्हा ना."

काका एक पाऊल मागे झाले. मग दोन. मग पार दारापर्यंत. साडूनं चादर पुन्हा सारखी केली. फटीतून मादीनं एकेक पिल्लू थव्यात परत सोडलेलं दिसलं, म्हणजे दिसल्यासारखं वाटलं. इतक्या लांबून भिंगाचा उपयोग नव्हता. काकांना आपल्या टाकीत बुडवलेला चिमटा आठवला, टॉर्च आठवला, मांडीवरचं ताट आठवलं.

"पिल्लं मोठी झाली की जोडी परत नेताय ना?" साडूनं विचारलं. "तुमचीच आहे ती."

"राहू दे इथेच," काका म्हणाले. आणि हे म्हणताना त्यांना साडूचा जेवढा हेवा वाटला, तेवढा आधी कधीच वाटला नव्हता.