मोजा काढलेला हात

जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता, हातासाठी आणि जिभेसाठी. हात लांब आणि निमुळता. अडलेलं वासरू पोटात फिरवून बाहेर काढावं तर त्यानेच. जीभ मात्र कोणाची भीडभाड ठेवत नसे. रबरी मोजा न घालता कोणी गाईच्या तोंडात हात घातलेला दिसला की तो त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. “हात काय भाड्याने आणलाय?” हा त्याचा ठरलेला प्रश्न. जगाला सुया टोचणारा हा बाबा स्वतः मात्र सुईला टरकायचा. डॉक्टरीणबाईंनी पिसाळण्याविरुद्धची लस आधीच घेऊन ठेवायला किती वेळा सांगितलं, पण कधी सर्दी, कधी पाहुणे, त्याच्याकडे सबबींना तोटा नव्हता.

एका सकाळी गोठेवाल्याचा फोन आला. गाईच्या घशात काहीतरी अडकलंय, लाळ गळतेय, चाऱ्याला तोंड लावत नाही. डॉक्टरीणबाई लसीकरणासाठी दुसऱ्या गोठ्यावर गेल्या होत्या. त्यांना निरोप ठेवून कंपाउंडर पिशवी उचलून एकटाच निघाला. खरं तर त्याने थांबायला हवं होतं. पण घशात अडकलेलं काढणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ, थांबतो कशाला?

तांबडी गाय मान ताणून उभी होती आणि तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. गोठेवाला उजवा हात खिशात घालून बाजूला उभा होता.

“काल बटाट्याची सालं घातली होती दादा. त्यात एखादा अख्खा बटाटा गेला असणार.”

कंपाउंडरने मोजा चढवून हात आत घातला. काही हाताला लागेना. रबरातून बोटांना कळतंय काय, कपाळ! वैतागून त्याने मोजा ओढून काढला आणि उघड्या बोटांनी जिभेच्या मुळाशी चाचपलं. गाईने मान झटकली, दाढ अंगठ्यावर घासली आणि कातडं सोललं. आत बटाटा नव्हताच.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंची स्कूटर दारात थांबली. त्या आत न येता उंबऱ्यावरूनच गाईकडे बघत राहिल्या.

“काका, पोट फुगलंय का?”

इतका साधा प्रश्न. घशात काही अडकलं की वायू कोंडतो आणि जनावराची डावी कूस टम्म फुगते, हे तर तोच लोकांना सांगत फिरायचा. त्याने बघितलं. कूस खपाटीला गेली होती. मग गाय हंबरली, घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात, आणि हंबरतच राहिली. असा आवाज त्याने पूर्वी एका पिसाळलेल्या बैलाचा ऐकला होता.

“सगळे बाहेर या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ही पिसाळली असावी. तुमचा कुत्रा दिसत नाही तो?”

“पळून गेला. महिना झाला असेल.”

“जायच्या आधी हिच्या नाकाला चावला होता,” गोठेवाल्याची बायको म्हणाली. नवऱ्याने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

“हिच्या तोंडात कोणी कोणी हात घातला?”

“कोणी नाही,” गोठेवाला घाईने म्हणाला. “फक्त दादांनी. तोही मोजा घालून.”

कंपाउंडरने अंगठा मुठीत दडपला. इतकी वर्षं ज्यांना झापलं ते सगळे आता तोंडावर हसणार होते. गप्प बसावं, संध्याकाळी गुपचूप दवाखाना गाठावा, असंही क्षणभर मनात आलं. मग त्याची नजर खुंटीवरच्या रबरी नळीवर गेली. तिच्या टोकाला लाळ ओघळत होती. म्हणजे कोणीतरी आधीच गाईच्या घशात नळी घालून बघितली होती. आणि हे काम एकट्याचं नसतं, एकाला जबडा धरावा लागतो. गोठेवाला का लपवतोय तेही उघड होतं. बातमी फुटली तर उरलेल्या गाईंच्या दुधाला गिऱ्हाईक कुठून येणार?

त्याने मूठ उघडली.

“मी मोजा काढला होता, मॅडम. कातडं निघालंय.” मग तो नवराबायकोकडे वळला. “आज मी गाढवपणा केला. आत्ता सुया घेतल्या तर वाचेन. हा रोग एकदा माणसात दिसायला लागला की डॉक्टरांच्याही हातात काही राहत नाही. ती नळी आपोआप ओली झालेली नाही.”

बायको पुढे आली. “मी घातली, भाऊजी. नखापाशी चिरलंय मला.”

“एकटीने?”

“एकटीने,” ती म्हणाली आणि जमिनीकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी दोघांचे हात साबण लावून लावून वाहत्या पाण्याखाली धुवायला लावले, गोठ्याला कडी घातली आणि दोघांना माणसांच्या दवाखान्यात पिटाळलं. टेम्पो गोठेवाल्यानेच काढला. आता त्याचा हात खिशातून निघून स्टिअरिंगवर आला आणि बोटाची चिंधी कंपाउंडरला दिसली.

“बोटाला काय झालं?”

“विळा लागला. परवा.”

परवाची म्हणावी तर चिंधी कोरी करकरीत होती. कंपाउंडरच्या जिभेवर शिव्यांची रांग लागली. पण ओरडलो तर हा आम्हाला दारात उतरवून निघून जाईल, याची त्याला धास्ती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दात आवळून तोंड बंद ठेवलं.

दवाखान्यात अंगठ्याच्या जखमेभोवती सुई शिरली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गोठेवाला दाराशीच किल्ली फिरवत उभा होता. सिस्टर त्याच्या बायकोकडे वळली. बायकोने वर केलेली बाही पुन्हा खाली ओढली.

“मी नाही घेणार.”

“अहो, असं काय करता?”

“नळी यांनी घातली, मी जबडा धरला होता. आधी यांचं बोट बघा. ते घेणार नसतील तर मलाही नको.”

किल्ली फिरायची थांबली. “वेडी आहेस का? लोकांना कळलं तर आपलं दूध कोण घेईल?”

“आणि तुम्ही नसलात तर काढेल कोण?” ती म्हणाली.

गोठेवाल्याने किल्ली खिशात टाकली. मग हळूहळू आत आला आणि चिंधी सोडायला लागला. एका हाताने गाठ सुटेना. कंपाउंडरने सिस्टरकडून मोजे मागून घेतले, दोन्ही हातांत नीट चढवले आणि गाठ सोडली. मग त्याचं बोट नळाखाली धरून साबण लावायला लागला. शिवी एकही दिली नाही.