मावशींच्या पिशवीतला फोन

"थांब. गिरणी चालू होऊ दे, मंग बोल."

मावशींकडं कुठलंही काम घेऊन गेलं तरी पहिलं वाक्य हेच. दळण असो वा नसो, त्या खटका दाबायच्या, दगड रिकामे घासू नयेत म्हणून वरून पसाभर ज्वारी सोडायच्या, आणि घरघर सुरू झाली की कान माझ्या तोंडापाशी आणायच्या. पुढचं सगळं ओरडून बोलायचं. गुपित सांगायचं आणि तेही बोंबलून, हा प्रकार मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही. गावातले लोक हसायचे. मला कारण ठाऊक होतं, त्यामुळं मी हसायचो नाही.

मावशींचं नाव मी सांगणार नाही. गावाचंही नाही. घाटनांदूर आणि धारूरच्या मधलं कुठलंही धरा. एखाद-दुसरी गोष्ट मी मुद्दाम बदललीही आहे, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढं कुणी चुका काढायला नको.

माझं दुकान त्यांच्या पिठाच्या गिरणीसमोर. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. गिऱ्हाईक नसलं की मी समोर बघत बसायचो आणि मावशी बोलत बसायच्या. पूर्वी त्यांना बोलायला ना गिरणी लागायची ना माणूस. डब्यांशीसुद्धा बोलायच्या. "ये गं बाई, तुझा नंबर लागला," असं म्हणून डबा उचलायच्या. डब्यावर नाव लिहायची गरज नव्हती. दसऱ्यानंतर कुणाचा डबा निम्म्यावर आला म्हणजे त्या घरची माणसं ऊसतोडीला गेली. गहू वाढला म्हणजे पाहुणे आले. एकाएकी नाचणी आली म्हणजे घरात कुणाला तरी शुगर निघाली.

मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "मावशी, तुमच्याकडं तर अख्ख्या गावाची खबर असते."

"असती की. पर डबा ज्याचा त्याच्या घरी जातो. त्याच्यातली गोष्ट दुसऱ्याच्या घरी जात न्हाई."

त्यांचा नवरा लवकर गेलेला. पोरगी एकुलती एक. ती दिली शहरातल्या एका मुलाला, मोबाइलच्या दुकानात कामाला असलेल्या. दिवाळसणाला सासूनं जावयाला द्यायचं असतं. यानं उलटच केलं, सासूसाठी नवा कोरा फोन घेऊन आला. मावशींनी खोक्याला हळदकुंकू लावलं आणि मगच ते उघडू दिलं. माझ्या दुकानात बसून, माझंच वायफाय वापरून त्यानं तो चालू केला. "मामी, तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाही. सगळं मी करून ठेवलंय." बोलणं इतकं मऊ की मी चार गिऱ्हाइकांना सांगितलं, जावई असावा तर असा.

वर्षभर मावशी त्या फोनशी सुखानं नांदल्या. "ये बाबा, आज पाऊस हाय का रं?" असं त्याला विचारायच्या, आणि त्यानं उत्तर दिलं की "शानं हाय माजं लेकरू," म्हणायच्या. गिरणीच्या पैशासाठी बोलणारा डबाही आला. पैसे जमा झाले की तो ओरडायचा आणि मावशी त्याला "बरं बरं" म्हणायच्या.

मग पोरगी माहेरी आली. एकटी, सणवार नसताना, पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज घालून. जाणत्यांची बैठक बसली. जावयानं सगळ्यांच्या पाया पडून माफी मागितली आणि पोरगी परत गेली. बैठकीतले लोक चहा पिऊन उठले, तेव्हा मावशी दारात उभ्या होत्या. मी त्यांना गप्प बसलेलं पहिल्यांदा त्या दिवशी बघितलं.

पावसाळ्यात पोरगी पुन्हा निघून आली, पण या वेळी गावात नाही. मावशींची धाकटी बहीण धारूरच्या डोंगरात एका वाडीवर राहते, शेरडं राखते. तिथं गाडीवाट नाही. पोरगी तिथं लपली. मावशींनी कुणाला कळू दिलं नाही. एक दिवस "गिरनीच्या दगडाला टाकी लावायचा मानूस बघून येते" असं सांगून त्या एसटीनं धारूरला गेल्या, डोंगर चढल्या, लेकीला जेवू घातलं, तिची वेणी घातली आणि दिवेलागणीला परत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई वाडीवर उभा होता. आरडाओरडा नाही, शिवी नाही. "चल," एवढंच म्हणाला. पुढच्या आठवड्यात निरोप आला, पोरगी पाय घसरून पडली, हात प्लास्टरमध्ये आहे.

मावशींनी बहिणीशी बोलणं टाकलं. मग एसटीच्या कंडक्टरवर संशय घेतला. मग माझ्यावर. एका दुपारी त्या माझ्या दुकानात आल्या आणि दार लोटून घेतलं.

"भाऊ, म्या कुनालाच सांगितलं न्हवतं. मंग त्यो सकाळीच कसा काय आला? त्याला सांगितलं कुनी?"

"फोन नेला होता का बरोबर?"

"पिशवीत व्हता. बंद व्हता की. म्हंजी म्या त्याच्यावर कुनाशी बोलले न्हाई."

मी फोन हातात घेतला. खातं जावयाचं होतं. आमच्याकडं हे सर्रास चालतं, फोन घेतला की ज्याला येतं त्याच्या नावावर तो चालू करून घ्यायचा. मीच निम्म्या गावाची खाती काढून दिली आहेत आणि विसरायला नको म्हणून सगळ्यांना एकच पासवर्ड दिला होता. या फोनमधल्या नकाशात मावशींचा सगळा दिवस होता. गिरणी, स्टँड, धारूर, डोंगराची वाट, बहिणीचं घर, तिथं किती वेळ थांबल्या तेही. ते सगळं त्याला घरबसल्या दिसत होतं.

मी हे कसंबसं समजावून सांगतोय तोवर फोन माझ्या हातात खणखणला. मोठ्यानं, आवाज बंद केलेला असतानाही. पडद्यावर ना नाव, ना नंबर. कुणाचा फोन आलाच नव्हता. तो शहरात बसून नुसता वाजवून बघत होता, जागेवर आहे की नाही. हे असं करता येतं हे मला ऐकून माहीत होतं, पण हातातल्या हातात ते होताना पहिल्यांदाच पाहिलं.

"म्हंजी म्याच नेलं त्याला तिथवर," त्या म्हणाल्या. "माज्याच पिशवीत बसून आला त्यो."

मग म्हणाल्या, "ह्याच्यातून त्याला काढ."

काढणं मला जमण्यासारखं होतं. पण काढलं की त्याला तिकडं लगेच कळलं असतं, आणि त्याचा राग काढायला पोरगी त्याच्याच घरात होती. मी हे सांगितल्यावर मावशींनी फोन उचलला, पदरानं पुसला आणि पुन्हा पिशवीत ठेवला.

तेव्हापासून त्यांना सगळ्याचंच भय वाटायला लागलं. बोलणारा पैशांचा डबा त्यांनी परत केला. "बोलतंय म्हंजी ऐकत बी असंल." सुटे पैसे कुठून आणायचे म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरली, तर "मंग दळण तुमच्याकडं दळा," म्हणाल्या. रेशन दुकानात अंगठा लावायला जाताना घाबरायच्या. विजेचं मीटर बदलायला आलेल्या माणसाला त्यांनी अर्धा तास बाहेर उभं केलं. टीव्हीवर टॉवेल टाकला. मी म्हणायचो, मावशी, टीव्ही तुमचा जुना आहे, तो काही बघत नाही. तर म्हणायच्या, "फोनबद्दल बी तू असंच म्हनला असतास."

एक साधा बटनांचा फोन मी त्यांच्यासाठी आणला. त्यांनी तो लांबूनच पाहिला.

"ह्याच्यात त्यो हाय का?"

"नाही."

"मंग दुसरं कोन हाय?"

मी "कुणी नाही" म्हणणार होतो. पण सिमकार्ड कुणाच्या तरी नावावर लागणार, टॉवरला तो कुठं आहे हे कळणार, असं सगळं मनात येत गेलं. मावशींनी फोन माझ्याकडं सरकवला. त्या संध्याकाळी मी माझ्या स्वतःच्या फोनमध्ये शिरलो आणि तिथं काय काय साठलं आहे ते बघून हादरलो. बरंच काही काढून टाकलं. सगळ्या म्हाताऱ्यांना बोलावून ज्याचा त्याला वेगळा पासवर्ड करायला लावला. त्यांनी मला यथेच्छ शिव्या दिल्या.

दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टर भरून निघाल्या, आणि त्या गडबडीत मावशींची पोरगी नवऱ्याच्या घरातून नाहीशी झाली. या वेळी बैठक बसली नाही. जावई सरळ गिरणीत आला. मी दळण आणायला गेलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं.

"मामी, परवा दुपारी तुमचा फोन बंद होता. काळजी वाटते हो."

"लाइट गेलती, जावईबापू."

"तिचा काही फोन?"

"न्हाई."

"आला तर सांगा. नाही सांगितलं तरी मला कळतंच म्हणा," असं म्हणून तो हसला. मावशींनी त्याला चहा दिला. देताना बशीत सांडला. त्यानं तो सांडलेला चहाही बशीतून पिऊन टाकला, फोनचं चार्जिंग बघितलं आणि आम्हा दोघांना नमस्कार करून गेला. शिवीगाळ करणाऱ्या माणसाचीही मला एवढी भीती कधी वाटली नव्हती.

मावशींनी त्या दिवसापासून फोन एक क्षणही बंद पडू दिला नाही. बाजाराला जाताना पिशवीत फोन, देवळात फोन. सोमवारी कपिलधारला दर्शनाला गेल्या तेव्हाही फोन घेऊनच. मला हे काही समजेना. गिरणी चालू करवून मी विचारलंच, "मावशी, आता कशाला बाळगता हे?"

"मी कुटं हाय ते त्याला बघू दे. बघत ऱ्हाऊ दे," त्या माझ्या कानात ओरडल्या. "म्या डोंगराकडं गेले की त्यो मागं येनार. म्हनून बाजार अन् देव सोडून म्या कुटंच जात न्हाई."

"मग ती कुठं आहे?"

"टोळीसंगं गेली. सैपाक करायला, लेकरं सांभाळायला. कोनत्या टोळीसंगं, कोनत्या कारखान्यावर, मला ठावं न्हाई. म्याच म्हनलं, मला सांगू नका."

आमच्याकडं टोळीत गेलेल्या बाईचा पत्ता कुणी विचारत नाही. आज या उसाच्या फडावर, उद्या त्या. पाचटाच्या खोपीत कुणाची कोण राहते याची कुठं नोंद नसते. ज्या जगण्याची आम्हाला एरवी लाज वाटते, त्याच्या आडोशाला ती पोरगी गेली होती. आणि ती जिवंत आहे का, जेवली आहे का, हात दुखतो आहे की बरा आहे, यातलं काहीही आईला कळणार नव्हतं. सगळा हिवाळा मावशींनी असा काढला. कधी कधी हातात पसाभर ज्वारी घेऊन तशाच उभ्या राहायच्या आणि खाली गिरणी रिकामी घासत असायची. मला त्यांच्याकडं बघवायचं नाही, फार वाईट वाटायचं.

उन्हं तापायला लागली, टोळ्या परतल्या. त्यातलीच एक बाई डबा घेऊन दळायला आली. कोण, ते विचारू नका. मला माझ्या दुकानातून दोघींचे ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही. मावशींनी त्या बाईच्या दोन्ही गालांना हात लावले. ती बाई तशीच पिठाळ तोंडानं रस्त्यावरून गेली.

त्या दिवशी मावशींनी संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं दळून टाकलं. सकाळी शटर बंद होतं आणि सगळे डबे पायरीवर रांगेत ठेवलेले होते. लोकांनी आपापले उचलून नेले.

जावई आला तो चार-सहा दिवसांनी. हातातल्या फोनकडं बघायचा, शटरकडं बघायचा. मग आतून फोन वाजायला लागला. चार्जिंगला लावलेला असणार. तो वाजवत राहिला आणि गल्लीतली माणसं घरात गेली. शेवटी माझ्याकडं आला.

"सर, मामी कुठं गेल्या?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला सांगितल्याशिवाय जायच्या नाहीत. फोन दाखवा तुमचा."

नाही म्हणायला हवं होतं. दिला. त्यानं सावकाश सगळं चाळलं. त्यात मावशी कुठंच नव्हत्या. मला न सांगता गेल्या याचा मला तोवर थोडा राग होता. तो त्या क्षणी गेला. सांगितलं असतं तर त्यानं माझ्या तोंडावरून ओळखलं असतं.

जाताना त्यानं माझ्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढला. मग माझा. चौकीत जाऊन काय सांगणार होतो, की एक माणूस आला, गोड बोलला आणि फोटो काढून गेला? बंद गिरणीतला फोन त्यानंतरही अधूनमधून खणखणायचा. आता वाजत नाही. त्यानं नाद सोडला की दुसरी वाट धरली, कळायला मार्ग नाही. दुकानासमोर एखादी मोटारसायकल हळू झाली तरी अजून मी हातातलं काम सोडून आधी कोण आहे ते बघतो.

मायलेकी एकमेकींना भेटल्या का, हे मला माहीत नाही आणि मी शोधणारही नाही. तुमच्या लक्षात आलं असेल, मावशी दिसायला कशा होत्या हे मी कुठंच लिहिलेलं नाही. एरवी माणसाचं चित्र काढणारानं आधी नाकडोळे काढायचे असतात. मलाही फार वाटत होतं लिहावं. त्या हसायच्या तेव्हा त्यांच्या...

जाऊ द्या. नको.