उलट्या चालीची भुलाबाई

काका पेटीला कान लावायचे, बोट वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा. त्याले दम घेऊ द्या." मग चावी दिलेली ती लाकडी पेटी आत जराशी खरखरायची आणि टिणटिण वाजू लागायची. आपण हसलो की तेही हसायचे. जणू पेटी नाही, घरचं लेकरूच पाहुण्यांपुढे गात होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सेलूला मुलींच्या शाळेत मी गाणं शिकवायला आले आणि काकांच्या शेजारी खोली मिळाली. ते कापसाच्या जिनिंगमधले निवृत्त फिटर. गल्ली त्यांना काका म्हणायची. दारावर पत्र्याची पाटी त्यांनीच रंगवलेली : 'आपोआप वाजणाऱ्या वाद्यांचे संग्रहालय'. मला रागच आला. आम्ही वर्षानुवर्षं घसा झिजवायचा आणि इथं चावी दिली की गाणं! एकदा तोंडावर बोललेही. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या हार्मोनियमले हात तरी लागतात. हे मनानंच वाजतात."

जुन्या मालगुजारांच्या घरातून, नागपूरच्या भंगारातून मोडकी वाद्यं आणायची आणि बोलती करायची हा त्यांचा नाद. मान हलवणारा पितळी पक्षी होता, हँडल फिरवायचा बाजा होता. आणि समोरच्या खोलीत मोठा पियानो. पायांनी भाता मारला की भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी सरकायची. जिथं भोक, तिथली पट्टी आपली आपण दबायची. भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ होतं. गंमत म्हणजे या माणसाला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं.

गाणं होतं ते काकूंच्या गळ्यात. कोजागिरीपर्यंतच्या भुलाबाईच्या दिवसांत संध्याकाळी पोरी तिची गाणी म्हणत घरोघर जायच्या, तेव्हा पुढे म्हणायला काकू. एका वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला; नुसती कुजबुज उरली. भुलाबाई आठवड्यावर आली तशा काकू दार लावून बसू लागल्या. काका माझ्याकडे आले. म्हणाले, पियानोवर तिचं गाणं वाजलं पाहिजे, तुम्ही सूर दाखवा. मी कशी नाही म्हणणार?

मी हार्मोनियमवर एकेक सूर दाबायची. काका कोऱ्या कागदावर खुणा करायचे आणि चपलेला भोकं पाडायच्या पंचनं ठोकायचे. बाईमाणसाच्या शेजारी कसं बसायचं, म्हणून ते संकोचानं माझ्या समोर, पेटीच्या पलीकडे बसत. सहा दिवस ठोकाठोकी चालली. काकू दाराआडून बघून राहिल्या होत्या.

ठरल्या संध्याकाळी सगळ्या पोरी जमल्या. काका भाता मारू लागले. ठेका बरोबर, पण चाल भलतीच! वर जायचं तिथं गाणं खाली उतरत होतं, उतरायचं तिथं चढत होतं. समोर बसल्यामुळे माझं उजवं ते त्यांचं डावं झालं होतं, उंच सुरांची भोकं खालच्या सुरांच्या जागी पडली होती, आणि मी एवढी गाण्याची बाई, पण माझ्याही ते डोक्यात आलं नाही. पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. काकांचे पाय थांबले. चेहरा एवढासा झाला.

आणि काकू हसल्या. आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. काका म्हणाले, उद्याच नवी गुंडाळी करतो. काकूंनी त्यांचा हात धरला आणि कुजबुजल्या, "राहू द्या. माह्या चालीत साऱ्याच म्हणतात. हे तुमची हाय."

मग टाळ्या देत काकूंनी पोरींना तीच चाल बसवायला लावली. शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची राहिली, इतकं हसणं झालं. पुढे दरवर्षी आमच्या गल्लीची भुलाबाई उलटीच. पहिल्या कडव्याला काका भाता थांबवायचे, की पोरीही थांबायच्या. पोरी लग्न होऊन समुद्रपूरला, कारंज्याला गेल्या, चाल सोबत घेऊन गेल्या.

बऱ्याच वर्षांनी काकू गेल्या, मग दोन वर्षांनी काकाही. पाटी उतरली, वाद्यं कुठं कुठं गेली. फार चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं मला त्या बंद दारापुढून जाताना.

काका गेले त्या वर्षी भुलाबाईला शाळेत एक नवी पोर आली, कारंज्याहून आजोळी शिकायला आलेली. तिनं गाणं धरलं, तेच, उलटं. पहिलं कडवं संपल्यावर ती बोट वर करून थांबली. मी विचारलं, काऊन थांबली गं? म्हणाली, "इथं दम घ्याचा असते बाई. आईनं सांगतलं."

पोरींचे सूर सुधारण्यातच माझी सारी नोकरी सरली. ते गाणं मात्र मी पुढे तसंच म्हणू दिलं.