नॉरिसच्या हेल्मेटाचं तिसरं भोक

आमच्या पुढच्या खोलीत पोलिसांची जुनी हेल्मेटं मांडलेली आहेत. खाणकामगाराच्या घरात पोलिसांची हेल्मेटं! आमच्या ऑल्डरशॉ गावात याहून मोठं पाप नाही. संपात ज्यांनी आमच्या पोरांची डोकी फोडली, त्यांच्याच टोप्या माझा नवरा नॉरिस ब्रशने झाडत बसतो म्हटल्यावर लोक बोलणारच. क्लबात लेन टॅटर्सल तर टपूनच असायचा.

"काय रे नॉरिस, सरकारी जावयांच्या टोप्या झाडून झाल्या का?"

"झाल्या. तुझी जीभ तेवढी झाडायची राहिलीय."

बोलू देत. मला ठाऊक होतं नॉरिस काय शोधतोय ते.

संपाच्या वर्षी चॅपलमागच्या गल्लीत एका शिपायाने नॉरिसच्या तोंडावर दंडुका हाणला. डावा डोळा गेला. झटापटीत त्या शिपायाचं हेल्मेट नॉरिसच्या हातात राहिलं, पण कुठल्या काउंटीचा ते सांगणारा बिल्ला नव्हता त्यावर. ओळख पटू नये म्हणून आधीच काढून खिशात घातलेला. त्या दिवसांत कुठकुठल्या काउंट्यांचे, म्हणजे जिल्ह्यांचे, पोलीस बसगाड्या भरभरून आणले होते. सगळ्यांनी हात वर केले. तक्रारीच्या सुनावणीत त्यांचा वकील म्हणाला, "त्या गल्लीत पोलीस नव्हतेच. गृहस्थ पिऊन भिंतीवरून पडले. बिनबिल्ल्याचं हेल्मेट काय, जुन्या बाजारात हवं तेवढं मिळतं."

पिऊन! अहो, माझा नवरा चहापलीकडे कशाला शिवत नाही. आमच्या चॅपलमध्ये कुणालाही विचारा. तरी लेनसारखे गालात हसायचेच.

तेव्हापासून नॉरिसने त्या गल्लीत पाय ठेवला नाही. पावाच्या दुकानाला जायचं तरी अख्ख्या टेकडीला वळसा. आणि हेल्मेटं जमवायला लागला. कुणाच्या माथ्यावर कोंबड्यासारखा तुरा, कुणाच्या माथ्यावर फूल, कुणाला चकचकीत गोंडा. बिल्ल्याच्या मागे कड्या असतात, त्या भोकांतून आत घालून अडकवायच्या. प्रत्येक काउंटीच्या कड्या वेगळ्या. मिळेल तो बिल्ला आणून नॉरिस त्या गल्लीतल्या हेल्मेटाच्या भोकांवर धरून बघायचा. दोन भोकं पुष्कळदा जुळायची. तिसरं, खालचं, तिरकं, ते मेलं कशालाच जुळायचं नाही.

"अशी तिरकी कडी ठेवणारी काउंटी आहे तरी कुठली?" म्हणून डोकं धरून बसायचा.

शेवटी त्याने संग्राहकांच्या मासिकात त्या भोकांचा फोटो छापला, आणि पुढचा मेळावा आमच्याच खाणकामगारांच्या वेल्फेअर हॉलमध्ये भरवला. मी चहा आणि पोर्क-पाय, म्हणजे मांस भरलेल्या कचोऱ्या, सांभाळत होते. लेन टिंगल करायला म्हणून आला होता, पण तिसरा पोर्क-पाय खात होता.

एक उंच म्हातारा आला. डेस्मंड पॉलिंग नाव सांगितलं. रुमालातून बिल्ला काढून हसत म्हणाला, "तुमच्या फोटोतलं तिसरं भोक कुठल्याच काउंटीचं नाही हो. माझं आहे. कडी तुटली होती, मी स्वतः डाख लावून जोडली, जरा तिरकी बसली. मग चाकूने नवं भोक पाडलं."

नॉरिसने बिल्ला लावला. टक्कन बसला.

"हेल्मेट विकता का मला?" पॉलिंग म्हणाला. "नातवंडांना दाखवीन."

"हरवलं कुठे?" नॉरिसचा आवाज अगदी साधा.

"संपात. इकडचंच एक गाव. अंधारात आणायचे आम्हाला, सगळी गावं सारखीच. चॅपलमागे गल्ली होती, तिथे एकाने ओढून..." त्याने वर पाहिलं, आणि नॉरिसचा गेलेला डोळा त्याला दिसला. चेहरा पिठासारखा पांढरा.

"पुन्हा सांग," नॉरिस म्हणाला. "मोठ्याने. तो लेन टॅटर्सल जरा कमी ऐकतो."

"तुमचा डोळा... माझ्या हातून..."

"डोळ्याचं राहू दे. गल्लीचं सांग."

"मी होतो त्या गल्लीत," पॉलिंग म्हणाला. "आम्ही सगळेच होतो."

लेनने टोपी काढली.

पॉलिंग माफीचं काहीतरी पुटपुटत होता. नॉरिस म्हणाला, "बिल्ला इथेच राहील. हेल्मेट मिळणार नाही. चहा पिऊन जा."

मग इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. ते हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर घातलं आणि माझ्यापुढे हात केला.

"चल गं एडना. आज गल्लीने जाऊ घरी."