चौकापर्यंतची गाडी

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मामांकडे जुनी ब्रिटिश मोटारसायकल होती, आणि ती अशी चमकायची की तिच्यात बघून माणसानं भांग पाडावा. रोज सकाळी पॉलिश. टाकीचं झाकण तर मामा असं हळुवार घासायचे, जणू तान्ह्या बाळाचं डोकं. एवढा जीव स्वतःच्या दातांना लावला असता तर अर्धे तरी तोंडात राहिले असते.

गाडीत खोट एकच. चौकापर्यंत जायची आणि मरायची.

"कार्बोरेटर!" मामा म्हणायचे. पोटात दुखलं तरी हेच म्हणाले असते. त्यांनी तो इतक्या वेळा उघडून धुतला की मामींच्या चहाच्या गाळणीला पेट्रोलचा वास कायमचा चिकटला.

शेवटी मामींचा धाकटा भाऊ, बारक्या, गाडीला गिऱ्हाईक म्हणून दारात येऊन बसला. मामींनी निकाल दिला, "मला ताईकडे नेऊन परत आणा. एकदा जरी ढकलायला लागली, तर बारक्या घेऊन जाईल."

मामांनी टाकीवर हात ठेवला. वडिलांच्या मागे राहिलेली ही एवढीच वस्तू.

त्यांनी पेट्रोलचा कॉक उघडला, कार्बोरेटरचं बटण पेट्रोल ठिबकेपर्यंत दाबलं आणि किक मारली. सुरू! मामी मागे बसल्या. चौक आला. फट्, फट्... गप्प.

"उतरू ढकलायला?"

"थांब गं, कार्बोरेटर..."

"पेट्रोल तरी घातलंय का?" म्हणत मामींनी झाकण फिरवलं. सुस्स करून टाकीनं हवा आत ओढली.

मामांचे कान टवकारले. घड्याळवाल्याचेच कान ते. झाकण हिसकावून उन्हात धरलं, तर हवा जायचं बारीक भोक पांढऱ्या पॉलिशनं गच्च बुजलेलं. वरून हवाच जाणार नाही, तर पेट्रोल खाली उतरणार कसं? कार्बोरेटर बिचारा उपाशी मरत होता, वर शिव्याही तोच खात होता.

मामांनी मामींकडे बघितलं. मामींनी पॉलिशकडे. मग अंबाड्यातली पिन काढून त्यांच्यापुढे धरली. मामांनी भोक टोकरून मोकळं केलं.

गाडी ताईकडे गेली, परतही आली, न ढकलता.

"काय बिघाड होता, दाजी?" बारक्याचं तोंड पडलेलं.

मामांनी छाती पुढे काढली. "कार्बोरेटर. आतलं काम असतं ते. सगळ्यांना नाही जमत."

बारक्यानं बहिणीकडे बघितलं. मामी चपला काढत होत्या.

"फार आतलं होतं," त्या म्हणाल्या. "तुला नाही कळायचं. जा, बस पकड."