पाचातला अर्धा व्होल्ट

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, तेही झरीच्या पुढच्या आमच्या गावातून रोज परभणीला एसटीनं ये-जा करून. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. आणि म्हणूनच, आईनं माझ्या शब्दावर भर उन्हाळ्यात रेशमाची बॅच घेतली, तेव्हा ती वाचवणं माझ्या अंगावर होतं.

आमच्याकडं रेशमाच्या अळ्या बहुतेक लोक पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वाढवतात. उन्हाळ्यात शेडचे पत्रे तापतात, अळ्या पाला खायचं सोडतात, माना वर करून बसतात आणि मग मरतात. ओली पोती बांधून, पाणी शिंपडून काही जण निभावून नेतात. पण त्यासाठी दुपारभर शेडात माणूस लागतं. आमच्याकडं ते नव्हतं. बाबा पाथरीच्या रस्त्यावर जीप चालवतात. मी परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात. आणि शेतातली लाईट नेमकी दुपारी येत असल्यानं आईला तुतीला पाणी द्यायला जावंच लागायचं.

मी म्हणाले होते, "दुपारचं मशीन बघंल. तू बॅच घे."

मशीन म्हणजे तळहातावर मावणारा एक छोटा कॉम्प्युटर. हौसेनं घेतलेला. त्याला मी उष्णता आणि ओल मोजायची चिमुकली पट्टी जोडली, आणि फॉगर चालू-बंद करणारा रिले. फॉगर म्हणजे पाण्याचं धुकं सोडणारी नळी. शेड तापलं की फॉगर सुरू, ओल जास्त झाली की बंद. घरी टेबलावर सगळं झक्क चाललं. मग घराशेजारच्या शेडात मधल्या रॅकला बांधलं आणि आठवडाभर तिथंही चाललं, कारण अजून ऊन कडक नव्हतं आणि फॉगरची फारशी गरजच पडत नव्हती.

अळ्या शेवटच्या अवस्थेत आल्या, ऊनही तापलं, आणि मशीन मधेच बंद पडून पुन्हा सुरू व्हायला लागलं. त्याला लावलेल्या लहान स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह चमकायचं. म्हणजे व्होल्टेज कमी. ते मला वाचता येत होतं. पण व्होल्टेज कमी हे आमच्या गावात सांगायला बी.एस्सी. लागत नाही. संध्याकाळी बल्ब पेटला की त्याची तार मोजता येते, अशी आमच्याकडची लाईट. त्यामुळं चिन्ह दिसल्याबरोबर मी डीपीला, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरला, शिव्या घातल्या आणि दुकानात सुट्टी टाकली.

शेजारचे काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, कुंपणावरून बघतच होते.

"काय म्हनतंय तुजं यंत्र? पुन्हा झोपलं व्हय?"

"होल्टेज कमी पडायलंय, काका."

"हे बगा! येवढी शिकली अन् शेवटी लाईटीवरच ढकललं. लाईटीवर ढकलायला तर आमाला बी येतं की."

पण माणूस वाईट नाही. आपल्या फ्रीजचा स्टॅबिलायझर काढून स्वतः घेऊन आले. "घे. फ्रीजमदी नुसतं पानीच हाय. तुज्या अळ्या जगू दे." आम्ही तो लावला. तासाभरानं पुन्हा पिवळं चिन्ह, आणि या वेळी मशीन बंदही पडलं नाही. नुसतं थिजलं. फॉगर चालू असतानाच थिजलं.

मी तेव्हा घरात भाकर खात होते. आई शेतातून आली ती थेट शेडात गेली आणि तिची हाक आली. तशी हाक तिनं मला आयुष्यात मारली नव्हती.

सगळ्यात वरचा रॅक पाण्यानं निथळत होता. पाला ओला, अळ्या ओल्या. ओल्या पाल्यावर अळीला रोग धरतो, हे रेशमवाल्याच्या घरातलं शेंबडं पोरही जाणतं. आईनं फॉगरचं बटन हातानं बंद केलं, चुन्याची पिशवी फाडली आणि वरच्या रॅकवर चुना धुरळायला लागली. मी मधे हात घातला तर म्हणाली, "सर बाजूला."

"आई, होल्टेजमुळं..."

"मला तुजं शास्त्र नको सांगू. उद्या दुपारी शेतात लाईट यायच्या आत हे नीट झालं तर ठेव. न्हाई झालं तर काढून टाक. मी पोती बांधते अन् इथंच बसते."

"अन् तुतीला पाणी?"

"जळू दे तुती."

तुती जळाली तर अळ्यांना खायला काय, हे ती न बोलता मला कळत होतं. तिलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी लाईनमनला गाठलं. गावातच राहतो, चहा पिता पिता आला. काकाही आले, कारण लाईनमनला दोन शब्द ऐकवायची संधी ते सोडत नसतात. लाईनमननं दारापाशी असलेल्या बोर्डात मीटरच्या दोन्ही काड्या घातल्या.

"दोनशे अठ्ठावीस," तो म्हणाला. "ताई, तुमच्याकडं फुल्ल लाईट हाय."

"मीटर बिघडलं असंल," काका म्हणाले.

"तुमच्या घरी मोजू का? तारंवर आकडा बिकडा टाकलाय का कुठं?"

काका कुंपणाकडं वळले. लाईनमन गेला.  आता दोष द्यायला डीपी उरली नव्हती. स्टॅबिलायझर नव्हता, लाईनमन नव्हता, गाव नव्हतं. स्क्रीनवर ते पिवळं चिन्ह तसंच चमकत होतं आणि पत्रे तापायला लागले होते. एका बाजूनं आई सुतळीनं ओली पोती बांधत होती. माझ्याकडं बघत नव्हती.

मी खाली बसले आणि कॉलेजात प्रॅक्टिकलला बसायची तशी पहिल्यापासून विचार करायला लागले. मशीन कुठं दोनशे तीसवर चालतं? ते चालतं पाच व्होल्टवर. दोनशे तीसचे पाच करायचं काम चार्जर करतो. आणि चार्जर मी शेडातल्या ओलीला भिऊन दारापाशी लावला होता. तिथून मधल्या रॅकपर्यंत मी लांबच लांब पांढरी वायर आणली होती, परभणीत स्टेशनजवळ घेतलेली, शेवईसारखी बारीक. दोनशे तीस सगळ्या गावानं मोजले. पाच कुणीच मोजले नव्हते.

मीटर माझ्याकडं होतंच. चार्जरच्या तोंडाशी मोजलं: पाच पूर्णांक एक. ठीक. आता मशीनच्या तोंडाशी मोजायचं, तेही फॉगर चालू होत असताना. तिथं पिना अशा जवळजवळ की काडी जरा घसरून शेजारच्या पिनेला लागली तर मशीन कायमचं जाणार. दुसरं मशीन नव्हतं, आणि आणायला वेळही नव्हता.

"आई, जरा मोबाईलची बॅटरी लावून धर."

ती आली. हात पोत्यांनी ओले होते, ते पदराला पुसून तिनं मोबाईल धरला. मी श्वास धरून दोन्ही काड्या टेकवल्या. चार पूर्णांक नऊ. मग रिले टकटकला, फॉगर फुसफुसला, आणि आकडा घसरत साडेचारवर आला. कोपऱ्यात पिवळं चिन्ह.

"घावलं," मी म्हणाले.

"काय घावलं?"

"वायर बारीक हाय अन् लांब हाय. रिलेनं जोर ओढला की निम्मा व्होल्ट वाटंतच मुरायलाय."

"निम्माच ना? निम्म्यानं काय हुतंय?"

"दोनशे तिसातला निम्मा व्होल्ट गेला तर काय बी न्हाई. पण हे पाचच हायत, आई. पाचातला निम्मा व्होल्ट म्हंजे दहावा हिस्सा. तुज्या शंभर अळ्यांतल्या दहा."

हे तिला लगेच कळलं. "मंग बसून काय राहिलीस?"

उपाय आकड्यातच होता. लांबी हवीच होती, तर ती पाच व्होल्टला द्यायची नाही, दोनशे तीसला द्यायची. मी मेन स्विच पाडला. घरातली जाड वायर दारापासून मधल्या रॅकपर्यंत वरून ओढली. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला खालून भोक पाडून चार्जर त्यात बसवला, म्हणजे धुक्याचं पाणी आत जाणार नाही. आणि त्या डब्यापासून मशीनपर्यंत वीतभर जाड वायर लावली, माझ्या मोबाईलसोबत आलेली. जोडांना टेप गुंडाळताना घाम बोटांवरून टपकत होता आणि टेप चिकटत नव्हता. शेडात पंखाही बंद होता. अळ्यांनी माना वर करायला सुरुवात केली होती. आई पुठ्ठ्यानं वारा घालत होती, एका रॅकवरून दुसऱ्या रॅकवर.

स्विच वर केला. मशीन सुरू झालं. रिले टकटकला, फॉगर फुसफुसला. मी काड्या टेकवल्या. पाच. जरा थांबून पाहिलं. पाचच. कोपरा स्वच्छ.

तेवढ्यात शेताकडून कुणीतरी ओरडलं, लाईट आल्याचं. आईनं पुठ्ठा ठेवला. पोत्यांकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मी जाऊ का?"

हे विचारणं सोपं नव्हतं. हो म्हणणंही नव्हतं. "जा," मी म्हणाले.

ती गेली. मागं वळून बघितलं नाही. काका कुंपणावरून म्हणाले, "आज घरात जाऊन भाकर खाशील का न्हाई?" मी नाही म्हणाले. सबंध दुपार मी शेडाच्या दारात बसून त्या कोपऱ्याकडं बघत राहिले. धुकं सुरू व्हायचं, थांबायचं. खालच्या रॅकवरच्या अळ्यांनी माना खाली घातल्या आणि पुन्हा पाल्याला लागल्या. वरच्या रॅकवर मात्र काही लुळ्या पडलेल्या दिसत होत्या. त्या मी मुद्दाम मोजल्या नाहीत.

दिवस कलला तशी आई आली. चिखलाचे पाय धुतले आणि सरळ वरच्या रॅकपाशी गेली. एक अळी तळहातावर घेतली, बोटानं डिवचली, बाजूला टाकली. मग खालच्या प्रत्येक रॅकवर एकेक उचलून पाहिली.

"वरचा निम्मा जाईल," ती म्हणाली. "बाकीच्या कोष धरतील."

"सॉरी, आई."

"ते इंग्रजी राहू दे. चिमटा आण. रोगट तेवढ्या काढू, न्हाईतर बाकीच्याला लागंल."

आम्ही दोघींनी लुळ्या अळ्या चिमट्यानं वेचून घमेल्यात घेतल्या. शेडामागं आईनं खड्डा काढला, त्यात त्या टाकल्या, वर चुना. मी माती ओढत होते. आत रिले टकटकला आणि फॉगर सुरू झाल्याचा आवाज आला. आईनं हात थांबवून ऐकलं. थोड्या वेळानं तो आपोआप बंद झाला.

"तिकडून वड माती," ती म्हणाली. "कुत्री उकरतात."